मुंबईहून सावंतवाडी-कुडाळला कायमचं राहायला जाणं : कधी जावं, काय तपासावं (ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पागोळी

मुंबईतलं घर भाड्याने देऊन सावंतवाडी किंवा कुडाळात कायमचं जायचं ठरतंय. दोघं पन्नाशीच्या आत, एकाचं काम घरून आणि रोज पाच-सहा तास व्हिडिओ कॉल. सोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आणि पाचवीतली मुलगी. निसर्ग, शांतता, मासे आणि साधीभोळी माणसं हे सगळं वाचून झालंय, ते नको. कुठल्या महिन्यात जायचं, घरात काय तपासायचं, मुंबईहून काय आणायचं नाही आणि लोक नेमके कुठे फसतात, एवढं लिहा. लांबलं तरी चालेल.

चिरेबंदी

पहिलं वर्ष भाड्याने. यावर वाद घालू नका, बाकी सगळ्यावर घाला.

डिसेंबरात बघितलेलं घर फसवतं. विहिरीला पाणी असतं, भिंती कोरड्या असतात, खळं सारवलेलं असतं, वीज जात नाही. कोकणातल्या घराच्या परीक्षा दोन. मेच्या शेवटच्या आठवड्यात विहिरीची आणि जुलैत पश्चिमेच्या भिंतीची. या दोन्ही स्वतः बघितल्याशिवाय विकत घेण्याची बोलणी सुरू करू नयेत.

म्हणून क्रम असा ठेवा. मेअखेर चार दिवस लॉजवर राहून घरं आणि विहिरी बघा. करार १ जूनपासून करा. तेव्हा फक्त कपडे, स्वयंपाकाची भांडी, लॅपटॉप आणि गाद्या आणा. मोठं सामान नोव्हेंबरात. विकत घ्यायचा विचार पुढच्या मेनंतर.

रातांबा

क्रम बरोबर आहे, पण भाड्याच्या घराची एक मेख सांगायची राहिली. रिकामी दिसणारी निम्मी घरं चाकरमान्यांची असतात. मे महिन्यात आणि गणपतीत ते येणार म्हणजे येणारच, आणि ज्या घरात गणपती बसतो त्या घराची बाहेरची खोली तरी त्यांना मोकळी लागते. करारात हे लिहिलेलं नसेल तर भाद्रपदात आठ दिवस तुम्ही लॉजवर. घर ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारा : "गणपती या घरात बसतो का?" हो म्हणाले तर दुसरं घर बघा. तेच घर घ्यायचं असेल तर मालकांच्या मुक्कामाच्या तारखा, कुठल्या खोल्या ते वापरणार आणि तेवढ्या दिवसांचं भाडं कापणार का, हे करारातच घाला.

करार नोंदवायचाच. 'इथे कोण नोंदवतं' असं ऐकायला मिळेल, पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी सक्तीची आहे. खर्चही काही फार नाही. महिना ८,००० भाडं, ३०,००० डिपॉझिट, ११ महिने धरले तर एकूण भाडं ८८,०००. त्यात डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी व्याज, म्हणजे ११ महिन्यांचे २,७५०. बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. हे ऑनलाइन होतं. हाच नोंदलेला करार पुढे आधारवरचा पत्ता, गॅस, बँक आणि मतदार यादीतला पत्ता बदलायचा अर्ज क्रमांक ८ या सगळ्याला उपयोगी पडतो.

झडीचा_पाऊस

भिंतीबद्दल लिहितो, कारण इथेच सगळ्यांचा घोटाळा होतो.

जांभ्याचा चिरा पाणी पितो. नैर्ऋत्येची झड चार महिने एकाच बाजूने मारते, त्यामुळे ओल येते ती एकाच भिंतीला. कोरड्या दिवसांत गेलात तरी खुणा दिसतात. फरशीपासून फूट-दीड फुटावर काळपट-हिरवी रेघ. प्लास्टरवर मिठासारखी पांढरी पूड, म्हणजे लोणा. चार भिंतींपैकी एकच नुकती रंगवलेली. पागोळीच्या बाहेरच्या कडेला ओळीने मारलेल्या खुंट्या किंवा आकडे, म्हणजे दर पावसाळ्यात त्या बाजूला प्लास्टिक नाहीतर माडाची चुडतं बांधावी लागतात. ते वाईट नाही, उलट मालक घर राखतो असा त्याचा अर्थ. आकडेही नाहीत आणि भिंत ताजी रंगवलेली आहे, अशा घरापासून मात्र लांब राहा.

छप्पर भिंतीच्या बाहेर किती आलंय ते टेपने मोजा. अडीच-तीन फुटांपेक्षा कमी असेल तर पागोळ्यांचं पाणी उडून भिंतीचा पाया भिजत राहतो. पश्चिमेला पडवी असेल तर अर्धा प्रश्न सुटला. बाहेरून ऑइलपेंट किंवा चकचकीत प्लास्टिक पेंट लावू नका, आतली ओल कोंडते आणि रंगाचे फुगे येतात. चुना किंवा सिमेंट पेंट बरा.

कौलारू घर घेतलंत तर एप्रिल-मेमध्ये कौलं चाळून घ्यायची. फुटकी काढायची, शेवाळ खरवडायचं, कोन्याचा गिलावा बघायचा. वानरांचा कळप एकदा छपरावरून गेला की दहा-वीस कौलं कामातून जातात. नवी कौलं जुन्यांच्या खाचेत बसत नाहीत, कारण प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. घर घेताना मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या खोपटात, त्याच शिक्क्याची किमान पन्नास जादा कौलं आहेत का ते विचारा. नसतील तर आसपास मोडत्या घराची मिळतात का बघून ठेवा.

वाशांची टोकं जिथे भिंतीत जातात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचा. आत सहज गेला तर वाळवी नाहीतर कुज. वासा मधून धडधाकट दिसतो, जातो तो टोकाला.

स्लॅबचं घर असेल तर वर पत्र्याचं छप्पर आहे का बघा. इथल्या पावसाला नुसत्या वॉटरप्रूफिंगचा भरवसा कोणी धरत नाही.

ओटी_टेस्ट

पाण्याचं माझ्याकडे द्या.

नळाची वेळ आणि दिवस शेजारच्या घरात विचारा. मालक 'भरपूर पाणी' एवढंच सांगतो. विहीर असेल तर मेअखेर पाण्याची खोली मोजा. मग पंप अर्धा तास चालवून किती उतरलं आणि तासाभरात किती परत चढलं ते बघा. परत चढत नसेल तर मेमध्ये टँकर लागणार.

शोषखड्डा विहिरीपासून किमान ५० फूट हवा. तुमचाच नव्हे, शेजाऱ्याचाही. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून घाण पाणी भराभर झिरपतं, त्यामुळे इथे या अंतरात तडजोड नको.

पहिल्या मोठ्या पावसानंतर विहीर गढूळ होते. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायची पद्धत अशी. समजा विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी २ मीटर. ३.१४ × १.५ × १.५ × २ म्हणजे साधारण १४ घनमीटर, १४,००० लिटर. चांगली ताजी पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ३५ ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर दुप्पट. पावडर थेट विहिरीत फेकू नका. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करा, मग पाऊण बादली पाणी घालून दहा मिनिटं ठेवा. चुनखडी तळाशी बसते, ती ओतून द्यायची. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने विहिरीत सोडायची आणि वरखाली हलवायची. एक तासाने ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडिनच्या द्रावणाने क्लोरीनची तपासणी : विहिरीच्या पाण्यात ते घातल्यावर चाचणीच्या नळीत पिवळसर रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर परत थोडी मात्रा. हे द्रावण ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य सेवकाकडे असतं. पावडरीचं पाकीट उघडं राहिलं की तिचा दम जातो, मग कितीही टाका. 'टीसीएल टाकूनही जुलाब झाले' या तक्रारीमागे बहुतेक वेळा शिळी पावडर असते.

पागोळी

हे सगळं उतरवून घेतेय. वीज आणि इंटरनेटचं कोणी सांगेल का? तेच चाललं नाही तर बाकी सगळं सोडून परत यावं लागेल.

तारेवरचा_कावळा

वीज जाते ती मुख्यतः दोन वेळा : वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजांमुळे, आणि जून-जुलैत झाडं तारांवर पडून. पहिल्या प्रकारात उपकरणं जळतात, दुसऱ्यात तासन्‌तास अंधार. दोन्हींचे उपाय वेगळे.

अंधारासाठी इन्व्हर्टर. हिशोब करूनच घ्या. १२ व्होल्ट, १५० एएच ट्युब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास, हातात येतात अकराशेच्या आसपास. राउटर आणि फायबरचा डबा १५ वॉट, लॅपटॉप ६०, बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा ३०, ९ वॉटचे तीन दिवे २७. एकूण १३२. आठ तास निघतात. त्याच जागी ७५ वॉटचे दोन जुने पंखे लावलेत तर भार २५२ वर जातो आणि साडेचार तासांत सगळं बंद. म्हणजे दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला, स्वस्त पडतं. फ्रिज इन्व्हर्टरवर घालू नका. बॅटरीचं पाणी दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटरनेच भरा, विहिरीच्या नाही.

विजांसाठी अर्थिंग. जांभ्याच्या कातळात ते नीट होत नाही आणि मेमध्ये जमीन सुकली की आणखी बिघडतं. वायरमनला मीटर घेऊन बोलवा, रीडिंग ५ ओहमच्या आत हवं. 'बल्ब लावून बघितला, पेटला' ही तपासणी नव्हे. शिवाय ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवाच. ओल्या भिंतीतून करंट उतरतो आणि घरात वयस्कर माणूस आहे.

गडगडायला लागलं की प्लग काढायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. राउटरला लावलेली लॅनची तार आणि डिशची केबल काढायची, हे नसतं. फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही. ती येते अॅडॅप्टरमधून आणि तांब्याच्या तारेतून.

इंटरनेट दोन घ्या, पण दोन कंपन्यांचे दोन फायबर घेऊन उपयोग नाही. बहुतेक दोन्ही एकाच खांबावरून आलेले असतात, फांदी पडली की दोन्ही जातात. एक फायबर आणि एक मोबाइलवरचं, हे बरोबर. कुठल्या कंपनीची रेंज आहे ते घराच्या आत, खिडकी बंद करून तपासा. चिऱ्याची भिंत जाड असते, अंगणातली रेंज आत येत नाही. आणि टॉवरची बॅटरी किती वेळ टिकते ते शेजारी विचारा : "वीज गेली की मोबाइल किती वेळ चालतो?" काही ठिकाणी टॉवरही दोन-तीन तासांत मान टाकतो. तशी जागा तुमच्या कामाला चालणार नाही, घर कितीही आवडलं तरी.

रातांबा

हा शेवटचा प्रश्न मीही यादीत घालून घेतो.

सातबारा_वाचक

विकत घ्यायचं पुढे ढकललंय ते उत्तम, तरी आतापासून वाचून ठेवा.

शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, महाराष्ट्रात कुठेही स्वतःच्या नावावर असलेला सातबारा चालतो. तो नसेल तर बिनशेती प्लॉट, गावठाणातलं घर किंवा फ्लॅट. 'आधी घेऊ, मग शेतकरी दाखला करू' असं सांगणाऱ्या एजंटचा चहासुद्धा घेऊ नका.

सातबाऱ्यावर नावांची रांग बघा. एकाच गटात पंचवीस सामाईक हिस्सेदार ही इथे अगदी रोजची गोष्ट. त्यातले निम्मे मुंबईत, काही वारले आणि वारस लागलेले नाहीत. विकणारा म्हणतो 'हा तुकडा वहिवाटीने माझा', पण वहिवाट तोंडी असते. सगळ्यांच्या सह्या किंवा सरकारी वाटप झालेलं हवं. इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचं नाव, कूळकायदा कलम ४३ चा (परवानगीशिवाय विक्रीला बंदीचा) शेरा, खाजगी वन किंवा वनसंज्ञेची (जमीन जंगल मानल्याची) नोंद असेल तर तिथेच थांबा. भोगवटादार वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. आंबोली, चौकुळ, गेळे इकडची थंड हवेची जमीन स्वस्तात दाखवली तर 'कबुलायतदार गावकर', म्हणजे संस्थानकाळापासूनची गावाची सामाईक जमीन, हा शब्द आठवा, तिथल्या मालकीचा प्रश्न कित्येक वर्षांचा आहे.

गावठाणातल्या घराला बऱ्याचदा सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात. तो घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. शहरात प्रॉपर्टी कार्ड मागा. तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या, आणि तो वकील विकणाऱ्याने सुचवलेला नसावा. मोजणी भूमी अभिलेख खात्याकडून, खुणांचे दगड तुमच्या समोर.

गोठणवाट

सासूबाईंसाठी : सावंतवाडीत सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे, लोक त्याला अजून कुटीर रुग्णालय म्हणतात. ओरोसला जिल्हा रुग्णालय. हृदयविकार, डोक्याला मार, मोठी शस्त्रक्रिया असं काही आलं की गाडी बहुतेक वेळा गोव्याकडे वळते, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला. सावंतवाडीपासून साठ-पासष्ट किलोमीटर, दीड तास धरा. हृदयरोग असलेल्या माणसाला इथे आणायचं की नाही, ते या दीड तासाकडे बघून आधी त्यांच्या डॉक्टरांशी ठरवा. नेहमीची औषधं दोन महिन्यांची घरात ठेवा, एखादी कंपनी इथे मिळतच नाही.

साप. मण्यार, नाग, घोणस आणि फुरसं, यातलं फुरसं जांभ्याच्या सड्यावर आणि रचून ठेवलेल्या चिऱ्यांत जास्त. दाराजवळ चिऱ्यांचा, लाकडांचा, नारळाच्या सोडणांचा ढीग ठेवू नका. रात्री अंगणातही बॅटरी आणि बूट. चावल्यावर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. हातपाय हलवू न देता सरळ सरकारी रुग्णालय, १०८. भारतातली नेहमीची लस याच चौघांवर चालते. झाडावरच्या हिरव्या चापड्यावर चालत नाही, त्यावर लक्षणांप्रमाणे उपचार करतात. म्हणून रंग-आकार आठवून सांगा, साप मारून न्यायची गरज नाही.

जानेवारी ते मे दोडामार्ग आणि बांद्याच्या बाजूला माकडतापाची काळजी घ्यावी लागते. गोचिडीमुळे होतो. काजूच्या बागेत जायचं तर अंगभर कपडे, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला फोन. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उतरल्यावर ताप आला तर लेप्टो मनात ठेवा, अंगावर काढू नका.

तिन्हीसांज

माणसांबद्दल कोणी लिहिलं नाही. तुम्ही 'नको' म्हणालात, पण इथेही तपशील असतात.

लोक फोन करून येत नाहीत. येतात ते मागच्या दाराने, हाक मारत, हातात फणस नाहीतर तवशी (मोठी काकडी) घेऊन. तेव्हा कॉलवर असलात तर दारात येऊन "काकी, पाच वाजता येता का?" म्हणालात तर कोणाला राग येत नाही. आतूनच ओरडून सांगितलंत तर येतो. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, साखर चिमूटभर चालेल.

भाडेकरूलाही वर्गणी असते. रक्कम शेजारच्या घराएवढी ठेवा. जास्त दिलीत तर पुढच्या वर्षीपासून तोच तुमचा दर. गणपतीत घरोघर भजन असतं, तुमच्याकडे गणपती नसला तरी बोलावतील. जा, आरतीला उभे राहा, प्रसाद घेऊन या. जत्रेला आणि दशावतारालाही. देवळातल्या मानपानात, कोण आधी आणि कोण नंतर, त्यात मात्र मत देऊ नका, विचारलं तरी. त्या वादांची मुळं आपल्या आजोबांपेक्षा जुनी असतात. दोन भावकीतल्या बांधाच्या भांडणातही तेच.

दुकानं दुपारी दीड-दोनला बंद होतात, चारला उघडतात. 'उद्या येतो' म्हणणारा सुतार बहुधा परवा येतो, आणि शेतीच्या दिवसांत लावणी उरकल्यावर. कामं दसऱ्यानंतर लावा. सावंतवाडीचा आठवडा बाजार मंगळवारी, कुडाळचा बुधवारी. जून-जुलैत होड्या बंद, तेव्हा सुके बांगडे आणि सोडे मेमध्येच भरून ठेवायचे.

झडीचा_पाऊस

सामान : प्लायवूडचा स्वस्त भाऊ असतो ना, भुशाचा पार्टिकल बोर्ड, त्याची कपाटं-पलंग मुंबईतच विका. पहिल्या जुलैत खालच्या कडा फुगतात आणि बिजागऱ्या सुटतात. स्टीलचं कपाट आणा, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. चामड्याच्या वस्तू, कॅमेरा, चांगल्या साड्या झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसह. डांबरगोळ्यांनी कसर जाते, बुरशी नाही. बंद खोलीसाठी दिवसाला १०-१२ लिटर पाणी ओढणारा डीह्युमिडिफायर घ्या, त्या खोलीची खिडकी मात्र बंद ठेवायची. उघडी ठेवून चालवणारे लोक आहेत.

ट्रक १४ फुटी पुरतो दोन खोल्यांच्या संसाराला. पण तो आळीत वळतो का ते आधी बघा. सावंतवाडीच्या चितारआळीसारख्या भागात तो नाक्यावर उभा करून छोट्या टेम्पोने दोन खेपा कराव्या लागतात, त्याचे पैसे आधीच ठरवा.

पागोळी

सावंतवाडी की कुडाळ, एवढंच राहिलं.

चिरेबंदी

मुंबईला वारंवार जायचं असेल तर कुडाळ. स्टेशन गावाला लागून, जास्त गाड्या थांबतात, ओरोसही जवळ. सावंतवाडी रोड स्टेशन मळगावला, गावापासून सात-आठ किलोमीटर, रात्रीच्या गाडीला रिक्षा आधी सांगून ठेवावी लागते. पण गोव्याचा मोपा विमानतळ आणि बांबोळी सावंतवाडीला जवळ. सासूबाईंकडे बघितलं तर सावंतवाडी. मोती तलावाभोवती त्यांना संध्याकाळी सपाट रस्त्यावर चालता येईल, कुडाळात तशी जागा शोधावी लागते. शाळा दोन्हीकडे आहेत, फक्त दाखला जूनच्या पहिल्या आठवड्यात हातात असू द्या. आधीच्या शाळेने विद्यार्थ्यांच्या सरकारी पोर्टलवरून मुलीचं नाव सोडलं नाही तर नव्या शाळेत ते चढत नाही, तेवढं निघण्याआधी बघून घ्या.

पागोळी

ठीक. मेच्या शेवटच्या आठवड्यातली तिकिटं बघते. विहीर मोजायला दोरी आणि दगड घेऊन येऊ ना?

ओटी_टेस्ट

दगड नको, निसटला की लोकांच्या पिण्याच्या विहिरीत. मोठा लोखंडी नट बांधा, सुतळी नको, नायलॉनची दोरी घ्या आणि घरूनच दर फुटाला गाठ मारून आणा. दोरीचा जेवढा भाग ओला होईल तो मोजायचा, तेवढं पाणी. आणि मालकाला विचारूनच दोरी सोडा, चपला काढून.